गितार कोंडवाड्यात आहे

अन्याय झाला तो आमच्या गावच्या रेडिओ मिस्त्रीवर. कधी सुरू झाला? पोळ्यानंतरच्या दुसऱ्या बाजाराच्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. 'एके दिवशी', 'मध्यंतरी' असलं मोघम मी लिहिणार नाही. मोघम विचारलं की माणसं मोघम उत्तर देतात. चार दहा, शाळेच्या घड्याळात. ते घड्याळ पाच मिनिटं मागे असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पाच मिनिटं वाढवून घ्यावीत आणि गप्प बसावं.

त्या अन्यायापायी मिस्त्रींची आवाज मोठा करणारी पेटी, जिला सगळं गाव गितार म्हणतं, आज गुरांच्या कोंडवाड्यात उभी आहे. येत्या बाजाराला तिचा हर्रास पुकारला जाणार आहे. सरपंचांच्या मेव्हण्यानं आत्ताच माप घेऊन ठेवलंय. त्याला तिच्यात कोंबड्या ठेवायच्या आहेत.

मिस्त्रींचं नाव मी छापत नाही. भीती म्हणून नव्हे. त्यांनीच गाव सोडताना बजावलं, "नाव छापू नको पोरी. नाव छापलं का लोक रेडिओ घेऊन येतात."

गाव मेडशीहून मोटारीनं पाऊण तास, मोटार मनात आणेल तर. मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते आणि दोन वर्षं मिस्त्रीकाकांच्या माडीवर भाड्यानं राहते. म्हणजे यातलं बरंचसं मी जिन्यावर बसून पाहिलेलं आहे, आणि उरलेलं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलेलं आहे.

गितारीची कुळकथा आधी सांगते, कारण सरपंच म्हणाले, "हे यंत्र कुठून आनलं कोनाले ठाऊक!" सगळ्यांना ठाऊक आहे. लढाई संपली, गोऱ्या पलटणीचा माल नागपुरात भंगारात निघाला. मिस्त्रीकाका तेव्हा एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत मशीन चालवत. ते भंगारात भिंग शोधायला गेले आणि काळ्या रेक्झिनची, पितळी कोपऱ्यांची एक पेटी डोक्यावर घेऊन परत आले. आत काचेचे पाच दिवे, पुढे जाळी, जाळीमागे कागदाचा पडदा. कुणी गोरा सोल्जर गिटार वाजवायचा, गिटारीची वायर या पेटीत खोचायचा, आणि पेटी तो आवाज दसपट करून बाहेर फेकायची.

गिटार म्हणजे काय हे गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. मिस्त्रीकाका समजावून सांगायचे, "साहेबाचा तंबोरा हाय. पन साहेब त्याले आडवा घेते मांडीवर, लेकरासारखा." लोकांनी मान डोलावली आणि पेटीलाच गितार म्हणायला लागले. "आज गितार लागनार हाय काय?" म्हणजे आज सभेला भोंगा आहे का. पुढे कोणत्याशा साबणाच्या कॅलेंडरवर गिटार घेतलेल्या बाईचं चित्र आलं. मी ते वर्गात दाखवलं. तिसरीतली एक मुलगी ताडकन उभी राहिली. "बाई, हे गितार नाई. गितारले पितळीचे कोपरे राह्यतात." सगळ्या वर्गानं तिला दुजोरा दिला. मी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं.

पेटी घरी आणून उघडली तेव्हा आत उंदरीण बाळंत झालेली होती. कागदाचा पडदा तिनं बाळंतपणात संपवलेला. मिस्त्रीकाकांनी तो पतंगाच्या कागदानं आणि कणकेच्या खळीनं जोडला. उंदरांनी खळ खाल्ली. मग खळीत कडुनिंबाचा रस घातला. उंदीर गेले, पण काकू म्हणाल्या, "अजी, तुमची गितार कडू बोलून राह्यली."

दुसरा कोणी हसला असता. मिस्त्रीकाकांनी कान लावून नीट ऐकलं, "व्हय, कडू हाय," म्हणाले आणि पडद्याला गुळाचं पाणी फिरवलं. मुंग्या आल्या. शेवटी त्यांनी काकूंनी लाडवांसाठी ठेवलेला सगळा डिंक घेतला आणि पडदा एकदाचा चिकटला. त्या वर्षी त्यांच्या घरी डिंकाचे लाडू झाले नाहीत. काकू अजून सांगतात की गितारीचा आवाज गोड आहे त्यात त्यांचा वाटा आहे, आणि ते खरं आहे.

गावात वीज नाही. गितार चालायची ती मोटारीच्या बॅटरीवर, आणि बॅटरीवर चालवायची म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर नवा करावा लागला. ट्रान्सफॉर्मर म्हणजे केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, हातानं गुंडाळलेले. एक वेढा चुकला की सगळं उलगडायचं. म्हणून ते मोठ्यानं मोजायचे, आणि मोजताना कोणी काही विचारलं तर उत्तरही मोजणीतच द्यायचे.

"अजी, भाजी कायची करू?"

"चारशे बारा."

"वांगे संपले घरातले."

"चारशे तेरा."

"बरं, मंग पिठलं टाकते."

"चारशे चौदा," ते समाधानानं म्हणायचे.

काकूंना आकड्यांचा सूर कळायचा, इतरांना कळायचा नाही. एकदा शेजारचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन आले. "लग्नाले या बरं मिस्त्री. किती जन येता?" मिस्त्रीकाका म्हणाले, "नऊशे साठ." गृहस्थ उंबऱ्यातच थबकले. "घरचेच फक्त म्हनलं मी!" "नऊशे एकसष्ट," मिस्त्रीकाका म्हणाले. ते गृहस्थ आजही आमच्या दारावरून जाताना पावलं उचलून जातात.

त्यांची दुसरी खोड सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिनंच त्यांचा घात केला. पेटीतल्या काचेच्या दिव्यांना मिस्त्री लोक वाल म्हणतात. बटण दाबलं की वाल लगेच बोलत नाही. आधी तापतो, तांबूस होतो, अर्धा मिनिट जातो, मग आवाज येतो. मिस्त्रीकाकांचं म्हणणं असं की काचेला अर्धा मिनिट लागतो तर माणसाला त्याहून कमी लागायचं काही कारण नाही. त्यामुळे त्यांना काहीही विचारा, ते तळहात वर करायचे. "थांब, वाल तापू दे." डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटानं उत्तर. आणि ते उत्तर मग बदलायचं नाही.

"लग्नाच्या टायमाले," काकू सांगायच्या, "माह्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाय काय? तं यायनं हात वर केला! अर्धा मिनिट! माह्या बापाचा जीव खाली-वर. माही माय त रडालेच लागली."

"मंग हो म्हनलो ना," मिस्त्रीकाका.

"म्हनले. पन तवरोक मी नाई म्हनाच्या बेतात होती!"

गावातल्या माणसांची वर्गवारीही ते याच हिशोबानं करायचे. हेडमास्तर म्हणजे थंडा वाल. पोस्टमन म्हणजे लुकलुकणारा. माझ्याबद्दल एकदा म्हणाले, "तुहा वाल बारा महिने लालच राह्यते पोरी. फुटन एखाद दिवशी." मी विहिरीच्या पाण्याबद्दल पत्रक काढलं होतं तेव्हाची गोष्ट. पत्रक त्यांनी वाचलं, अर्धा मिनिट थांबले आणि म्हणाले, "खरं हाय. पन लय घूं करते." घूं म्हणजे गितार नुसती सुरू असताना आतून येणारा गुणगुणाट. तो काढून टाकणं हे त्यांचं आयुष्याचं काम होतं.

त्या घूंसाठी त्यांनी अंगणात, तुळशीच्या कट्ट्याला लागून, हातभर लोखंडी सळई जमिनीत ठोकली होती. तिच्यापासून वायर घरात गितारीला. जमीन ओली राहिली तर घूं कमी. म्हणून सकाळी काकू तुळशीला पाणी घालायच्या तेव्हा ते शेजारी सळईला तांब्याभर पाणी घालायचे, डोळे मिटून, वायरीकडे कान देऊन. गल्लीतल्या बायांनी हे पाहिलं. दोघं नवराबायको, दोन तांबे, एक तुळस आणि एक सळई. आठवड्यात सळईला हळदकुंकू लागलं. एका बाईच्या मुलाचा खोकला थांबला, मग प्रदक्षिणा सुरू झाल्या.

मी संतापले. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रक काढते म्हणाले. मिस्त्रीकाकांनी तळहात वर केला. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "काहून पत्रक? पानी घालून राह्यल्या ना? घूं लय कमी झालं पाह्य." आणि बायांकडे वळून, "घाला वो, आनखी घाला. कडेकडेनं घाला."

वालाची गोष्ट राहिलीच. एकदा दोन वाल गेले. अकोल्याला नवे मिळतात. मिस्त्रीकाकांनी मोटारीच्या कंडक्टरला तोंडी सांगितलं, "दोन वाल आन भौ. सहा नंबरचे. तापले का लाल व्हतात ते. पारखून घेजो." कंडक्टर भला माणूस. चौथ्या दिवशी तो मोटारीच्या टपावरून पोतं उतरवताना दिसला. दोन पायल्या वाल. भाजीचे.

"सहा नंबर नाई भेटले मिस्त्री," तो म्हणाला. "पन दुकानदार म्हने तापवले का लालच व्हतात. लवकर शिजतात म्हने."

मिस्त्रीकाका पोत्यात हात घालून बराच वेळ उभे राहिले. अर्धा मिनिट झाला, एक मिनिट झाला. मग म्हणाले, "माल चांगला हाय." आम्ही सगळ्यांनी महिनाभर वाल खाल्ले, मीसुद्धा. पुढच्या खेपेला त्यांनी काचेचे वाल असं लिहून दिलं आणि कंडक्टरनं ते कोंड्यात घालून, अंडी आणतात तसे, मांडीवर धरून आणले. मोटार खड्ड्यात गेली की तो उतारूंवरच ओरडायचा म्हणे, "हलू नका बे! मिस्त्रीचे वाल हायेत!"

आता मुद्द्यावर येते.

गितारीला पुढे दोन भोकं आहेत. सिनेमाच्या तंबूतला पत्र्याचा भोंगा त्यांनी तिला जोडला होता आणि एका भोकात माईक. दुसरं भोक रिकामं राहतं हे त्यांना सहन होत नव्हतं. "देवानं मानसाले दोन कान देल्ले, साहेबानं गितारले दोन देल्ले, अन् मी एक बंद ठेवू?" त्यांनी जुन्या टेलिफोनच्या तुकड्यातून दुसरा माईक बनवला, पेटीत एक वाल वाढवला, आणि हा दुसरा कान इतका तिखट झाला की पाल भिंतीवरून गेली तरी भोंग्यातून तिची पावलं वाजायची. काकूंचं स्वैपाकघरातलं पुटपुटणं समोरच्या, इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायला लागलं. गिरणीवाला एकदा येऊन दबक्या आवाजात सांगून गेला, "काकू, तुमचं बरोबर हाय. पन जरा हळू."

म्हणजे ही पेटी काय करते हे गावाला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

समारंभ मुलींच्या शाळेचा होता. आमच्या चार इयत्ता एका खोलीत बसतात, पहिलीच्या पाढ्यांत चौथीचा भूगोल बुडून जातो. म्हणून मोठ्या गावाहून एक वजनदार पाहुणे बोलावले होते. त्यांचंही नाव मी छापत नाही. त्यांनी मला मना केलेलं नाही, पण हे वाचून त्यांना स्वतःच पुढे येऊन सांगावंसं वाटलं तर ती संधी त्यांच्याकडेच राहू द्यावी.

आमचे सरपंच भाषण खुर्चीत बसूनच करतात. म्हणून मिस्त्रीकाकांनी एक माईक उभ्या काठीवर लावला आणि दुसरा खुर्च्यांपुढच्या टेबलावर, झेंडूच्या फुलदाणीत. लपवला नाही! सभा सुरू व्हायच्या आधी त्यांनी तीनदा पुकारलं, मी मोजलं आहे: "टेबलावरच्या फुलदानीत दुसरा कान हाय. बसल्या बसल्या बोललं तरी चालन." तिन्ही वेळा सरपंच हारांची मोजदाद करत होते.

पाहुणे उठले, उभ्या माईकवर बोलले. "या लेकींसाठी येत्या चार महिन्यांत नवी खोली उभी राहील, हा माझा शब्द आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हे कबूल करते. पाहुणे खुर्चीत बसले, रुमालानं मान पुसली आणि सरपंचांकडे झुकले. झुकले ते नेमके झेंडूवर.

चार वाजून दहा मिनिटं. वर बांधलेला, खुर्च्यांकडे पाठ केलेला भोंगा म्हणाला:

"कायची खोली अन् कायचं काय! टाळ्या झाल्या ना? आता सांगा, वांग्याचं भरीत कोनाच्या घरी हाय?"

सगळं पटांगण वर पाहायला लागलं. बाजारातले बैलसुद्धा. मग मागून एक म्हातारबा ओरडले, "आमच्या घरी हाय! या!" आणि जो हशा झाला तो पाहुण्यांना टाळ्यांचाच पुढचा भाग वाटला. त्यांनी मान लववली आणि पुन्हा झुकले.

"खुश हायेत लोक. पोरी शिकून कुठं जातीन, चुलीपाशीच ना?"

भोंग्यातून सरपंचांचा आवाज आला, "हळू बोला साहेब, बाया बसल्या हायेत."

"आं? ऐकू जाऊन राह्यलं काय?"

"नाई नाई. तुमी इथं बसून बोलून राह्यले, तिथं कसं ऐकू जाईन?"

हे शेवटचं वाक्य तर नदीपलीकडच्या तांड्यावर गेलं. तिथल्या बायांनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं, कोण कुठं बसलं होतं म्हणून.

मग सरपंचांनी वर पाहिलं आणि त्यांना भोंगा दिसला. पुढचं सांगत नाही. फुलदाणी फुटली एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीनं मिस्त्रीकाकांना बोलावलं. मीही गेले. पंचायतीचं म्हणणं असं की पाहुणे असं काही बोललेच नाहीत, यंत्र आपल्या मनानं बोललं. सरपंचांनी विचारलं, "बोला मिस्त्री. तुमचं मशीन खोटं बोललं का नाई?"

मिस्त्रीकाकांनी तळहात वर केला. "थांबा. वाल तापू द्या." डोळे मिटले.

सरपंच सेक्रेटरीला म्हणाले, "गप हायेत. म्हनजे कबूल. लिहा." सेक्रेटरीनं लिहिलं. पंच उठले, चपला घालायला लागले. मी ओरडत होते, "अर्धा मिनिट! अर्धा मिनिट थांबा!" हेडमास्तरांनी मला हात धरून खाली बसवलं.

अर्ध्या मिनिटानं मिस्त्रीकाकांनी डोळे उघडले आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "नाई."

"आता कायले बोलता?" सेक्रेटरी म्हणाला. "लिहून झालं."

"लिहून झालं त खोडा."

"पक्क्या शाईनं लिहिलं हाय मिस्त्री."

मग ते एवढंच बोलले, आणि हे मी शब्दन् शब्द देते: "मशीन खोटं बोलत नाई भौ. त्याले कुठं तेवढी अक्कल हाय? आत जाईन तेच बाहेर येते. फक्त मोठ्यानं."

त्यांना एक कागद देण्यात आला. 'माझे यंत्र आपल्या मनाने बोलले, पाहुण्यांनी तसे शब्द उच्चारले नाहीत.' सही करा आणि गितार घेऊन जा. त्यांनी कागद वाचला, तळहात वर केला, या वेळी सगळे थांबले. मग म्हणाले, "मनानं बोलनारं मशीन म्यां बनवलं असतं, त मी तुमच्या गावात कायले राह्यलो असतो?" आणि कागद परत दिला.

पंचायतीच्या ताब्यात कुलूप लावता येईल अशी एकच जागा आहे: कोंडवाडा. मोकाट गुरं तिथं डांबतात. गितार तिथं गेली. पण कोंडवाड्यात काही घालायचं तर रजिस्टरात नोंद हवी आणि रजिस्टर छापील आहे, गुरांचं. सेक्रेटरी नियमाचा पक्का. त्यानं एकही रकाना रिकामा सोडला नाही. मी नक्कल करून आणली आहे. जनावराचा प्रकार: ओरडणारे. रंग: काळा. शिंगे: एक, पुढून रुंद. अंगावरील खूण: चारही कोपऱ्यांना पितळ. कोठे सापडले: सभेत. केलेले नुकसान: पाहुण्यांच्या अब्रूचे.

हा शेवटचा रकाना पुन्हा वाचा. पेटी मनानं बरळली असेल तर पाहुण्यांच्या अब्रूचं नुकसान कसं झालं? बैल हंबरला म्हणून कोणाची अब्रू जाते का? पंचायतीनं आपल्याच शाईनं लिहून दिलंय की शब्द कोणाचे होते. पण हे वाचायला गावाला वेळ नाही.

आणि गावाचं काय? मी घरोघर गेले. एक म्हणाले, "मी त चप्पल शोधून राह्यलो होतो." दुसरे म्हणाले, "माह्या कानात तेल होतं त्या दिवशी." ज्या म्हातारबांनी भरताचं आमंत्रण दिलं होतं ते म्हणाले, "मी आपलं सहजच म्हनलो. आमच्या घरी भरीत होतंच." मी म्हटलं, "आजोबा, कोणी विचारलं म्हणून म्हणालात?" ते आत निघून गेले. मागून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "होतं नाई काई भरीत. कांद्याची चटनी होती."

कोंडवाड्याचा रखवालदार तेवढा सरळ माणूस. नियमाप्रमाणे कोंडलेल्या जनावराला दोन वेळा चारा-पाणी द्यावं लागतं. तो रोज गितारीपुढे कडब्याची पेंढी सोडतो आणि पाण्याचं टमरेल ठेवतो. मी भांडले. तो हात जोडून म्हणाला, "नियम हाय बाई. उपाशी मेली त मले जबाबदार धरतीन." मग हळूच म्हणाला, "पन खात नाई हो काई. लय सुकली बिचारी."

शेजारच्या खुंट्याला एक डांबलेली म्हैस आहे. ती गितारीला चाटते. मिस्त्रीकाका रोज दुपारी जायचे, फाटकाबाहेर उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी म्हशीला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गितारीवर पोतं टाकून यायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही, कारण जनावराला पोतं घालायचा रकाना नाही. तिसऱ्या दिवशी डिंकाचा पडदा म्हशीच्या लाळेनं सुटायला लागलेला त्यांनी लांबूनच पाहिला. घरी आले आणि काकूंनी भाजी कायची करू विचारलं तर त्यांनी हातही वर केला नाही, आकडाही सांगितला नाही. काकू माडीवर माझ्याकडे आल्या आणि पहिल्यांदाच रडल्या.

"हर्रास डोयानं पाह्यनार नाईत हे," काकू म्हणाल्या. "धनजले पोरीच्या घरी नेते मी यायले. तिथं ढोरं तरी नाईत."

ते गेले. दुकानाच्या दाराला त्यांच्या हातची पाटी आहे: 'मालक तापून राहिले आहेत. थांबा.' लोक ती वाचून हसतात. मीही एकदा हसले.

आता नियम सांगते, कारण सेक्रेटरीनं तो मला स्वतः दाखवला. डांबलेल्या जनावरानं नुकसान केलेलं नाही असं गावच्या पाच घरधन्यांनी हर्रासाआधी कोंडवाड्यावर येऊन पंचांपुढे सांगितलं, तर नोंद रद्द होते आणि जनावर मालकाला, सहीबिहीशिवाय, परत मिळतं. शब्द पाहुण्यांचे ठरले की नुकसान गितारीच्या नावावर राहत नाही. पाच माणसं. माझं सांगणं चालत नाही. मी भाडेकरू, घरधनी नाही, आणि बाई. म्हणून हे पत्रक गावात वाटते आहे: पाच तुमच्यातले पाहिजेत.

पटांगणात तुम्ही होता. कानात तेल घातलेलेही होता आणि चप्पल शोधणारेही. येत्या बाजाराला, दवंडी पिटायच्या आधी, कोंडवाड्याच्या फाटकाशी येऊन उभे राहा. पंचांकडे तोंड करा. खोलीचं वाक्य, चुलीचं वाक्य, वांग्याच्या भरतासकट, जे ऐकलंत ते जसंच्या तसं सांगा. भोंगा आत डांबलेला आहे, तेव्हा मोठ्यानं सांगा.